रेघ असलेली गोळी

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत
वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे,
जाड, दुधी, शंभर वर्षं पायांनी घासलेली.
खाली मराठीच्या कपाटाशी उभं राहिलं
की डोक्यावरून कुणाच्या तरी चपला जातात,
माणूस नाही, नुसते दोन काळे डाग.
तिथेच मिळालं ते पुस्तक.
शिक्का मारताना शिर्के म्हणाले,
"रात्री वाचू नका, ताई."
मला तर रात्रच मोकळी असते.

पुस्तकातली बाई आजारी आहे, आजाराला नाव नाही.
नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा, जिभेवर नाण्याची चव,
जिना चढताना मधलीच एक पायरी नाहीशी होते.
तपासण्या सगळ्या सरळ. डॉक्टर पेनाला टोपण लावतात.
ती सांगते, माझ्या गोळ्या कुणीतरी बदलतं,
आणि घरातले एकमेकांकडे बघतात.
त्या बघण्यावर लेखकाने अख्खं पान खर्चलंय.

माझा संशय आधी नवऱ्यावर.
नव्वदाव्या पानापासून नणंदेवर.
एकशे चाळीसला समासात, पेन्सिलीने, आधीच्या कुणी वाचकाने:
"सांगणारीवर विश्वास ठेवू नका."
मी चिडले. असं कुणी सांगून ठेवतं का?

पलीकडच्या खोलीत आई जागी.
तीन आठवडे झाले, तिची रात्र दिवसा होते.
सकाळी चहा पिता पिता मान कलते,
एकदा बेसिनपाशी पडली, कोपर निळं,
आणि रात्री टक्क डोळे, पंख्याशी गप्पा.
डॉक्टर वैष्णवांनी सोडियम पाहिलं, डोक्याचा स्कॅन पाहिला,
म्हणाले, "उंमर थई, बेन."
ती म्हणायची, "एक बाई येते. माझ्या गोळ्या बदलते."
मी आणि व्हिडिओ कॉलवरचा हेमराज
एकमेकांकडे बघायचो.

पान दोनशे अकरा.
पुस्तकातली बाई बाटली उजेडात धरते.
मी पुस्तक पालथं घातलं,
स्वयंपाकघरातला दिवा लावला.
चौदा कप्प्यांची निळी डबी.
दर रविवारी मीच भरते, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
दोन गोळ्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.
एकीवर मधोमध रेघ, एक कोरी.
रेघेची सकाळची, रक्तदाबाची. कोरी रात्रीची, झोपेची.
असं होतं.
गेल्या महिन्यात दुकानदाराने दोन्हींची कंपनी बदलून दिली,
"औषध तेच, बेन, पाकीट वेगळं."
रेघ आता झोपेच्या गोळीवर आली होती.
माझी बोटं जुनीच होती.

सोमवार सकाळ: रेघ.
मंगळवार सकाळ: रेघ.
शनिवारपर्यंत बघत गेले, उगाच.
फ्रिज सुरू झाला आणि मी दचकले.

तीन वाजता डबी पुन्हा भरली,
झाकणं अंगठ्याने दाबत, आवाज होऊ न देता.
म्हणजे रात्री येऊन गोळ्या बदलणारी बाई
त्या रात्री खरंच आली.
आतून हाक आली, "कोण आहे?"
"मी."
"मी म्हणजे कोण?"

पाचव्या दिवशी आई सकाळचा पेपर मोठ्याने वाचू लागली,
सेवउसळीला तिखट नाही म्हणून भांडली.
हेमराज म्हणाला, वैष्णव चांगला डॉक्टर दिसतो.
मी म्हटलं, हो.

पुस्तक परत केलं, शेवटची वीस पानं न वाचता.
शिर्क्यांनी विचारलं, "कोण निघालं?"
"नणंद."
वरून कुणीतरी चाललं होतं. मी मान वर केली नाही.

संध्याकाळी सुरसागरच्या कठड्याशी आई दाणे खात बसली होती.
"ती बाई यायची बंद झाली गं."
"कोण?"
"गोळ्यांची."
तिने फोलपटं फुंकली, पाण्याकडे बघितलं.
"दमलेली असायची बिचारी.
शिट्ट्या मोजत असायची."